खात्रीचे माप

पावसाळा तोंडावर आला की कुळगी-जोयड्याच्या बाजूला ज्यांची सुपारीची कुळागरे आहेत ती मंडळी मोरचूद आणि चुन्याच्या तयारीला लागतात. कोळेरोगावर बोर्डो मिश्रणाचा फवारा वेळेवर बसला नाही तर कोवळ्या सुपारीचा झाडाखाली सडा पडतो, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे प्रमाण बहुतेकांना तोंडपाठ आहे. मिश्रण नीट जमले की नाही हे पाहण्यासाठी स्वच्छ लोखंडी सुरी त्यात थोडा वेळ बुडवतात. पात्यावर तांबूस थर धरला तर मोरचूद मोकळा राहिला आहे, आणखी चुना घालावा लागेल. वरून पाहिले तर दोन्ही वेळा पाणी निळेच दिसते.

आज मात्र आम्ही लिहिणार आहोत ते मनाच्या एका आजाराविषयी, आणि त्यातही एका विशेष गोष्टीविषयी. रोग्याच्या मनात जी समजूत रुतून बसलेली असते ती किती घट्ट आहे, हे डॉक्टर कसे मोजतात? विषय समजायला सोपा जावा म्हणून आम्ही एक गृहस्थ कल्पिला आहे. कोणा घराकडे बोट दाखवायचे नाही, म्हणून कल्पिला. पण असे लोक कल्पनेतलेच असतात असे मात्र कोणी समजू नये.

हे गृहस्थ चाळिशीचे. दीड एकर भात, थोडी सुपारी, घरी बायको आणि दोन लहान मुले. फवारणी ते वर्षानुवर्षे करत आले. दोन वर्षांपूर्वी फवारणी करून आल्यावर त्यांच्या मनात आले की नखांच्या कडेला मोरचूद राहिला आहे. त्यांनी पुन्हा हात धुतले. दुसऱ्या दिवशी तीनदा धुतले. आता संध्याकाळी विहिरीवर गेले की दिवेलागण होऊन जाते तरी ते परत येत नाहीत. धाकट्याला उचलून घेणे त्यांनी सोडले आहे. जेवायला वेगळे बसतात. बायकोला विचारतात, “गेलं का गं सगळं?” ती म्हणते, “गेलं हो.” दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. फवारणीचा हंगाम संपला तरी हे संपत नाही, कारण पंप खोपीत टांगलेला असतो आणि खोपीच्या दाराला हात लागतोच.

शेजारी काय म्हणतात? कोणी म्हणतो हट्टी आहे, कोणी म्हणतो बाधा झाली आहे, आणि एखादी म्हातारी कौतुकानेही म्हणते की बाई, किती स्वच्छ माणूस!

मराठीत या आजाराला मंत्रचळ असे जुने नाव आहे. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात येतो, जीव घाबरा होतो, आणि ती भीती शमवण्यासाठी माणूस एखादी कृती पुन्हा पुन्हा करतो. कोणी धुतो, कोणी कुलूप तपासतो, कोणी मोजतो, कोणी मनातल्या मनात प्रार्थनेचे शब्द पहिल्यापासून म्हणू लागतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर जी मानसिक आरोग्याची पाहणी केली तीत प्रौढ माणसांत हा आजार शंभरात एकाहून किंचित कमी आढळला. म्हणजे हजार प्रौढांच्या वस्तीत सात-आठ जण धरावेत.

घरच्यांना पडणारा पहिला प्रश्न असतो, “यांना एवढं साधं कळत नाही का?” याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही, आणि तोच आजचा विषय आहे. काहींना पुरते कळते. ते म्हणतात, हात स्वच्छ आहेत हे मला ठाऊक आहे, पण धुतल्याखेरीज जिवाला चैन पडत नाही. काहींना अर्धेमुर्धे कळते. आणि काहींची अगदी पक्की खात्री असते की विष तेथे आहेच, बाकीचेच आंधळे आहेत. तिघेही विहिरीवर तेवढाच वेळ घालवतात. दुरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

डॉक्टरांनाही तो बराच काळ मानवत नव्हता. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी या आजाराची जी व्याख्या केली तिच्यात असे होते की आपला विचार वेडगळ आहे हे रोग्याला स्वतःला कळते. तीच त्याची खूण. पुढे पुष्कळ वर्षे हेच शिकवले गेले. पण खात्री असलेले रोगी दवाखान्यात येतच राहिले. शेवटी १९९४ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत ‘जाणीव कमी असलेले’ असा वेगळा वर्ग मान्य झाला, आणि २०१३ च्या आवृत्तीत तीन पायऱ्या झाल्या: जाणीव चांगली किंवा बरी, जाणीव कमी, आणि जाणीव मुळीच नाही.

हा भेद आपल्या धर्मपरंपरेत मात्र फार जुना आहे, आणि म्हणून आम्हाला येथे थोडे थांबावेसे वाटते. संत इग्नेशियस लोयोला हे १५२२ साली स्पेनमधील मानरेसा गावी राहत असताना त्यांना जुन्या पापांच्या शंकांनी पछाडले. कुमसार झाले तरी काही सांगायचे राहिले असे त्यांना वाटे. पुन्हा कुमसार, पुन्हा तेच. त्यांच्या धर्मगुरूंनी आज्ञा केली की मागचे पाप अगदी स्पष्ट असल्याखेरीज पुन्हा सांगायचे नाही. सल्ला उत्तम होता. पण इग्नेशियस यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे की त्यांना सगळीच पापे अगदी स्पष्ट वाटत असल्यामुळे त्या आज्ञेचा काही उपयोग झाला नाही! जीव देण्याचे विचारही त्या दिवसांत त्यांच्या मनात येत होते.

पुढे ‘आध्यात्मिक साधना’ या त्यांच्या पुस्तकात, ज्याला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली, त्यांनी शंकाकुल मनावर टिपणे लिहिली. त्यांत गवताच्या काडीचे उदाहरण आहे. वाटेत दोन काड्या क्रूसासारख्या पडल्या आहेत आणि चालताना नकळत त्यांवर पाय पडला. एक माणूस आपल्या बुद्धीने ठरवून टाकतो की हे पापच झाले. इग्नेशियस म्हणतात, ही चुकीची समजूत आहे, हिला खरी शंका म्हणू नये. दुसऱ्या माणसाच्या मनात बाहेरून आल्यासारखा विचार येतो की पाप झाले. त्याच वेळी त्याला वाटते की झाले नाही. तो संशय घेतोही आणि घेतही नाही, आणि तळमळतो. ही खरी शंका. आजचे डॉक्टर ज्याला जाणीव असलेला मंत्रचळ आणि घट्ट समजुतीचा मंत्रचळ म्हणतात त्यांच्यातील अंतर या काडीच्या उदाहरणात जवळजवळ पुरे आले आहे, असे आमचे मत आहे.

आता माप कसे घेतात ते पाहू.

आजार किती जोरात आहे हे मोजण्याची मोजणी निराळी आहे. १९८९ साली अमेरिकेतील वेन गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण चाळीस. दिवसातला किती वेळ जातो, कामात किती खोळंबा होतो, त्रास किती, रोखण्याचा प्रयत्न किती, ताबा किती. आमचे गृहस्थ हिच्यात पंचवीस-सव्वीसपर्यंत जातील, म्हणजे आजार तीव्र. पण त्यांना स्वतःला किती खात्री आहे हे या चाळीसात येत नाही. रोज सहा तास धुणारा माणूस मनातून स्वतःला हसत असेल, आणि अर्धा तास धुणारा पुरता ठाम असेल.

खात्रीसाठी १९९८ मध्ये जेन आयसेन, कॅथरीन फिलिप्स आणि इतरांनी ब्राऊन मोजणी तयार केली. (ब्राऊन हे कोणा डॉक्टरचे नाव नव्हे, त्यांच्या विद्यापीठाचे नाव आहे.) तीत आधी समजूत नेमक्या शब्दांत पकडतात. “मला घाण वाटते” एवढे चालत नाही. त्याचे पुढे काय होईल ते रोग्याने सांगायचे. आमचे गृहस्थ थोड्या विचाराने सांगतील: “साबणाने मोरचूद जात नाही, आणि माझ्या हातून तो पोरांच्या ताटात जाऊन त्यांना विषबाधा होईल.” हे वाक्य कागदावर लिहिले की मग मोजणी सुरू होते, आणि सगळे प्रश्न गेल्या आठवड्यातल्या सरासरीवर विचारतात.

पहिला प्रश्न उघड आहे: हे खरे आहे याची खात्री किती? मुळीच नाही तर शून्य, पुरी असेल तर चार. येथे एक गंमत होते. सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसलेले गृहस्थ म्हणतात, “तसं काही नसेल बहुधा.” तेच संध्याकाळी पंपाला हात लागल्यावर छातीठोकपणे सांगतात की विष आहे. दोन्ही वेळा ते खरेच बोलत असतात. म्हणून चांगला डॉक्टर दोन्ही वेळांचे विचारतो. चार आणि दोन यांच्या मधले तीन गुण आपण धरू.

दुसरा प्रश्न: इतर लोकांना तुमचे म्हणणे बरोबर वाटते का? गृहस्थ हसून म्हणतात, “कोणाला नाही पटत. बायकोलाही नाही.” म्हणजे लोकमताची कल्पना त्यांना आहे, एक गुण. तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत बोलका वाटतो: मग त्यांचे आणि तुमचे मत वेगळे का? “त्यांना औषधांची माहिती नाही. मी वीस वर्षे फवारतो आहे.” तीन गुण. लोक काय म्हणतात हे माहीत असणे आणि लोकांचे बरोबर असेल असे वाटणे यांत किती अंतर असते, ते या दोन उत्तरांत पाहावे.

चौथ्यात विचारतात की हे चूक असू शकेल असा विचार करून पाहायला तुम्ही तयार आहात का. पुरावा दिला तर ऐकाल का? ते घुटमळतात, दोन गुण. पाचवा: चूक ठरवण्याचा स्वतः कधी प्रयत्न केलात का? फारसा नाही, तीन गुण. सहावा: हे मनाच्या आजारामुळे वाटत असेल असे वाटते का? “असेलही,” असे ते म्हणतात, दोन गुण. बेरीज चोवीसपैकी चौदा. सातवा प्रश्न लोक आपल्याकडे रोखून पाहतात का, आपल्याविषयी बोलतात का, असा आहे, पण तो बेरजेत धरत नाहीत. अठरा किंवा अधिक बेरीज आणि पहिल्याच प्रश्नाला पुरे चार गुण, असे दोन्ही मिळाले तर समजूत भ्रमाच्या पातळीला गेली असे मानतात. आमचे गृहस्थ त्याच्या अलीकडे, पण काठावरून फार दूर नाहीत.

१९९९ मध्ये फ्यूजेन नेझिरोग्लू आणि सहकाऱ्यांनी अशीच दुसरी मोजणी काढली. तीत अकरा प्रश्न आणि एक ते दहा गुण आहेत. समजूत किती लोकांत रूढ आहे आणि धुण्यातपासण्याने संकट खरेच टळते असे रोग्याला किती वाटते, हेही तीत विचारतात.

रूढ समजुतींचा हा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. कुळगीच्या रानात जाऊन आलेला माणूस अंगावर, कपड्यांच्या शिवणीत गोचीड शोधतो. शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरला १९५७ मध्ये सापडलेला माकडताप गोचिडीने पसरतो आणि आपल्या जिल्ह्यातही त्याने माणसे दगावली आहेत. तेव्हा हे शोधणे शहाणपणाचे आहे. मोरचुदाचे काम झाल्यावर साबणाने हात धुणेही शहाणपणाचेच. तो तांब्याचा क्षार आहे, पोटात जाणे वाईट. मयताहून आल्यावर अंघोळ करणारे घर, रोज रात्री रोझरी म्हणणारे घर, यांत आजार काही नाही. दृष्ट लागते असे सारा गाव मानत असेल तर ती एकट्याची समजूत नव्हे. डॉक्टर माणसाची तुलना त्याच्याच गावातल्या, त्याच्याच धर्मातल्या लोकांशी करतात. रोझरीचा एक मणी सुटला असेल या धास्तीने रात्रीतून चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू करणारी बाई आपल्या शेजारणींपेक्षा वेगळे वागते, आणि हे त्या शेजारणींनाही कळते.

हे मोजून करायचे काय, असे कोणी विचारील. निम्हान्समध्ये शंभर रोग्यांना ही ब्राऊन मोजणी लावून पाहिली, आणि तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्यांत डॉ. जनार्दन रेड्डी आणि, कन्नड वाचकांना ज्यांची पुस्तके ओळखीची आहेत ते, डॉ. सी. आर. चंद्रशेखर हे होते. शंभरांपैकी पंचवीस जणांत जाणीव कमी आढळली. त्या पंचविसांचा आजार लहान वयात सुरू झालेला, अधिक दिवस मुरलेला, अधिक तीव्र होता; जोडीला इतर मनोविकारही जास्त होते, आणि औषधांचा गुण कमी आला. याउलट अमेरिकेत सर्ट्रालिन या औषधावर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खात्री अधिक असलेल्यांनाही गुण येत होता, आणि आजार उतरला तशी खात्रीही सैल होत गेली. दोन्ही निष्कर्ष पुरते जुळत नाहीत, हे आम्ही लपवत नाही. पण दोन्हींतून घरच्यांनी घ्यायची गोष्ट एकच निघते: खात्री पक्की आहे म्हणून उपचार व्यर्थ, असे नाही, उशीर मात्र करू नये.

बहुतेक घरांत काय होते? घरचे पुरावे देत बसतात. हात हुंगून दाखवतात, स्वतःचे हात चाटून दाखवणारेही असतात! घटकाभर समाधान होते आणि मग नवी शंका निघते. बायकोचे “गेलं हो” हे त्यांच्या दृष्टीने साबणाच्या आणखी एका हातासारखेच होऊन बसते. तिचा दोष नाही. मायेपोटीच ती बोलते. पण डॉक्टरांच्या सल्ल्याने घरच्यांनी हळूहळू ठरवायचे असते की उत्तर एकदा द्यायचे, दुसऱ्यांदा नाही, आणि रागावून नाही. धर्मगुरूंकडे तेच पाप घेऊन वारंवार येणाऱ्यालाही हेच लागू आहे. वाद करून खात्री उतरत नाही.

मग उतरते कशाने? १९६६ मध्ये लंडनचे व्हिक्टर मेयर यांनी जी वाट दाखवली तीच आज सुधारून वापरतात. ज्याची भीती त्याला पायरीपायरीने हात लावायचा आणि नंतर धुणे रोखायचे. आधी खोपीचे दार, मग धुतलेला पंप, मग एकदाच साबण लावून जेवायला बसणे. अस्वस्थता चढते, टिकते आणि उतरते. ठाम समजुतीच्या माणसाला जाणता उपचारक आधी “चूक आहे म्हणून कबूल करा” असे म्हणत नाही. “तुमचं म्हणणं खरं की नाही ते आपण पाहू या,” म्हणतो आणि आधी खात्रीचा आकडा लिहून घेतो. आठ दिवसांनी पुन्हा विचारतो. शब्दाने न हललेला आकडा धाकटा आठ दिवस बापाच्या हातून खिमट खाऊन खेळत राहिला की पुष्कळदा हलतो.

औषधांत सर्ट्रालिन, फ्लुओक्झेटिन, फ्लुव्होक्झामिन आणि जुने क्लोमिप्रामिन ही वापरली जातात. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि उदासीनतेच्या आजारापेक्षा मात्रा बहुधा जास्त लागते. पंधरा दिवसांत काही झाले नाही म्हणून गोळ्या कोनाड्यात टाकून देऊ नयेत, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत.

ज्यांची खात्री पुरी आहे ते डॉक्टरकडे यायलाच तयार नसतात. त्यांच्याशी विषाचा विषय काढूच नये, असे आम्ही सुचवू. जे त्यांना मान्य आहे तेथून सुरुवात करावी: हाताची साल निघाली आहे, झोप नाही, लावणीचे दिवस वाया गेले, पोरगा जवळ येत नाही. या तक्रारींसाठी ते यायला कबूल होतात. आणि एक गोष्ट मात्र तातडीची. माणूस जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागला तर वाट पाहू नये. त्याच दिवशी त्याला डॉक्टरांपुढे न्यावे, आणि घरातली कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे धारवाडची डिम्हान्स. गोव्याकडे जाणाऱ्यांना बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे. फोनवर विचारायचे तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, पैसे पडत नाहीत. जाताना जुन्या चिठ्ठ्या न्याव्यात. एका कागदावर लिहून न्यावे की हे कधी सुरू झाले, दिवसाचे किती तास जातात, आणि माणूस शांत असताना काय म्हणतो व भीतीच्या भरात काय म्हणतो, त्याच्याच शब्दांत. साबणाच्या वड्या महिन्याला किती लागतात तेही लिहावे. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत तो आकडा सापडतो.